झोपलेले मासे

गेल्या दिवाळीपर्यंत मी हजेरीला "हजर" म्हटलं तरी गुरुजी मान वर करून विचारायचे, "रत्नप्रभा आली नाही का?" इतका माझा आवाज! आणि मग चिंचवडला वक्तृत्व स्पर्धा झाली. एक मुलगी आजारी पडली म्हणून मला ऐनवेळी उभं केलं, आणि मी पहिली आले. कशी आले ते मलाही कळलं नाही. तोंड उघडलं आणि आतून कुणीतरी दुसरीच बोलायला लागली. त्या दिवसापासून मी जी सुटले ती सुटलेच. आई म्हणायची, "अगं, आधी तुझं तोंड उघडत नव्हतं, आता मिटत नाही."

त्यामुळे फेब्रुवारीत सरकारी सिनेमाची गाडी आमच्या गावाला येणार म्हटल्यावर हेडमास्तरांनी माझंच नाव सांगितलं. ह्या गाडीचे सिनेमे पुष्कळदा परदेशातले असतात, बोलणं इंग्रजीत. मग ऑपरेटर सिनेमाचा आवाज बंद करतो आणि गावातलं कुणीतरी माइकवर मराठीत सांगत जातं. मागच्या खेपेला हे काम कवायतीच्या मास्तरांनी केलं होतं. सिनेमा हिवतापाचा होता. "डास येतो! डास बसतो! डास चावतो!" असं ते ओरडत होते, आणि पुढच्या रांगेतली दोन पोरं चक्क सावधानमध्ये उभी राहिली होती.

ह्या वेळचा सिनेमा होता मुलांसाठी, चित्रांचा. हलणारी, पळणारी, रंगीत चित्रं!

बातमी पसरली त्याच संध्याकाळी छबूबाई आमच्याकडे आली. आमच्याकडे दूध तिचंच. आम्ही साताऱ्याकडून आलेले भाडेकरू, ती इथली जुनी. तिचं घर गावाच्या शेवटी, ओढ्याला लागून. ओढ्याच्या वरच्या अंगाला रंगाचा कारखाना. कारखान्यात दर शनिवारी टाक्या धुतात आणि ते पाणी ओढ्यात सोडतात. रविवारी सकाळी ओढा कधी निळा, कधी जांभळा, आणि काठाला मासे पोट वर करून पडलेले. छबूबाईच्या दोन शेळ्या ते पाणी पिऊन मेल्या होत्या. पोरांना ओढ्यावर जाऊ देऊ नका म्हणून ती दारोदार सांगायची, पण घरटी एक माणूस त्या कारखान्यात कामाला. तिचा स्वतःचा मुलगाही तिथेच हमाल. कोण ऐकणार?

"रत्ने," ती उंबऱ्याशीच बसून म्हणाली, "त्या शिनेमात म्हनं मासं मरत्यात, घान पान्यानं."

"हो, हेडमास्तर म्हणत होते."

"मंग तू भोंग्यावरनं नीट सांग पोरास्नी. वढ्यात उतरू नगा म्हनावं. माज्या ल्योकाची ठकी माजं आयकत न्हाई. म्हनती, म्हातारे, तुला पान्याचं भ्या वाटतंय. पाच वर्साची हाय, पर जीभ बघ तिची."

"सांगते की! असं सांगेन की ठकी ओढ्याकडे पाय करून झोपायची नाही."

छबूबाई हसली आणि त्या दिवशी मापापेक्षा पळीभर दूध जास्त घालून गेली.

शनिवारी दुपारी गाडी आली. मला आधी बघायला मिळावं म्हणून शाळेच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या आणि ऑपरेटर ज्योतीरामने भिंतीवरच सिनेमा सोडला. आठ मिनिटांचा. एक मासोळी आणि तिची पाच पिल्लं. पिल्लांच्या खोड्या बघून मी हसून हसून लोळले. एक तर इतकं बावळट की उलटंच पोहत होतं! मग काठावर एक धुराडं उगवतं. त्याच्या पायाशी नळ, नळातून काळं पाणी. पिल्लं एकेक करून उलटी होतात. आई त्यांना नाकाने ढकलते. एकाला, दुसऱ्याला, परत पहिल्याला. मग तीही थांबते, आणि पडदा हळूहळू काळा होतो. एवढंच. संपला.

माझ्या फ्रॉकची बाही ओली झाली होती.

"सगळीकडची पोरं रडतात ताई ह्याला," ज्योतीराम रीळ गुंडाळत म्हणाला. "पण दुसऱ्या दिवशी नदीत काही टाकत नाहीत बघा. निदान दोन दिवस तरी."

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "मग रडवायचंच कशाला?"

ते उद्धवराव होते, कारखान्याचे ऑफिसर. पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं. ते कधी येऊन बसले मला कळलंच नव्हतं. शाळेवरचे पत्रे कारखान्याने दिलेले, आणि गाडीचा मुक्कामही कारखान्याच्याच पाहुणेघरात होता.

"ही का आपली वक्ता? फार ऐकलंय तुझ्याबद्दल," ते म्हणाले. "मला सांग, लहान पोरं दिवसभर खेळून दमून सिनेमाला येणार. त्यांना मरण दाखवायचं?"

"पण साहेब, मासे मरतातच ना त्यात."

"शाईचे मासे ते. तू म्हणशील ते त्यांचं होईल. मेले म्हण, मरतील. झोपले म्हण, झोपतील. कवायतीच्या मास्तरांना हे जमणार नाही. तुला जमेल."

हेडमास्तर वर पत्र्यांकडे बघत होते. "बघ बाई, तुला योग्य वाटेल तसं," एवढंच म्हणाले.

मला कुणी धमकावलं नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण नंतर आई सगळ्यांना सांगत सुटली की पोरीवर दबाव आणला. काही दबाव नव्हता. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात लाह्या फुटायला लागल्या होत्या. मासे रंगपंचमी खेळतात! धुराडं म्हणजे पिचकारी! खेळून दमतात आणि पोट वर करून झोपतात! एकेक वाक्य सुचत होतं आणि मी एकटीच रस्त्यात हसत होते. छबूबाईला दिलेला शब्द आठवला नाही असं नाही. आठवला. पण माझी गोष्ट जास्त छान होती.

संध्याकाळी मारुतीच्या देवळापुढे पडदा बांधला. सगळं गाव लोटलं होतं. छबूबाई ठकीला मांडीवर घेऊन अगदी पुढे, माझ्यासमोर बसली होती. तिने मला मान हलवून खूण केली, चल, सांग.

आणि काय सांगू, मी बोलले! उलट्या पोहणाऱ्या पिल्लाचं नाव मी गंप्या ठेवलं. "गंप्या, सरळ हो! गंप्या, आईला सांगेन हं!" पोरं खिदळत होती, बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. काळं पाणी आलं तेव्हा म्हटलं, "आली, आली, रंगपंचमी आली!" पिल्लू उलटं झालं. "दमलं बाई बाळ. निजलं." आई नाकाने ढकलायला लागली. "पांघरूण घालते हं आई." पडदा काळा होत गेला तेव्हा मी आवाज अगदी खाली आणला. "आता रात्र झाली. सगळे मासे झोपले. सकाळी स्वच्छ पाण्यात गेले की होतील जागे."

आणि टाळ्या! उद्धवराव उभे राहून वाजवत होते. दिवा लागला तेव्हा छबूबाई जागेवरच बसलेली होती. ठकी मात्र नाचत होती.

रविवारी सकाळी मी न्हाऊन वेणी घालत होते. दारावरून जाणारी प्रत्येक बाई "काय बोललीस गं!" म्हणून जात होती. त्याच वेळी ठकी आणि आणखी सहा-सात पोरं ओढ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. टाक्या आदल्या दिवशीच धुतलेल्या. काठाला झोपलेले मासे हवे तेवढे. पोरांनी ते फडक्यात गोळा केले आणि आपापल्या घरी नेऊन पिण्याच्या पाण्यात सोडले. घागरीत, हंड्यात. स्वच्छ पाण्यात गेले की जागे होणार होते ना!

छबूबाई वैरणीला गेली होती. ठकीने नऊ मासे रांजणात सोडले आणि शेजारी बसून राहिली. तहान लागली तेव्हा त्याच रांजणातलं पाणी प्याली. मासे घाबरू नयेत म्हणून तांब्या हळूच बुडवला, असं तिनेच नंतर सांगितलं.

बाकीच्या घरांत आयांनी वेळेवर बघितलं. पोरांना मार बसला, हातापायांवर चट्टे आले, तेवढ्यावर निभावलं. ठकीला संध्याकाळपासून उलट्या सुरू झाल्या. रात्री ती कुणाला ओळखेना. बैलगाडीने चिंचवड स्टेशन, तिथून आगगाडीने पुण्याला दवाखान्यात. अकरा दिवस ती तिथे होती. कारखान्यातून सांगण्यात आलं की शिळे मासे पाण्यात टाकल्यावर दुसरं काय होणार. ते खरंच होतं, म्हणून कुणाला त्यावर बोलता येईना.

बाराव्या दिवशी त्या दोघी परत आल्याचं कळलं आणि मी गेले. छबूबाई अंगणात रांजण आडवा पाडून आतून राखेने घासत होती. मी उभी राहिले. तिने हात थांबवला नाही.

"तुला ठाव व्हतं का, मासं मेल्यात म्हून?"

"हो."

"कुनी दम दिला व्हता?"

"नाही."

"मंग?"

माझा आवाज जुन्या हजेरीच्या वेळचा झाला. म्हटलं, "वाटलं, सगळ्यांना छान वाटेल."

"वाटलं की," ती म्हणाली. "मलाबी वाटलं. मी तर हातानं उचलून फेकलेत त्ये मासं, पर तू बोलत व्हतीस तवा घटकाभर मलाबी वाटलं, निजल्यात जनू." मग तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "आत हाय ती. इचारती, कवा उठनार. जा, सांग आता तूच."

ठकी वाकळेवर बसली होती. इवलंसं तोंड, नुसते डोळे. मी तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, "ठके, ते मासे झोपले नव्हते. मेले होते. पाण्यात विष आहे. पिल्लं मेली आणि आईही मेली."

"ह्या:!" ती म्हणाली. "लबाड हायेस तू."

"नाही गं, खरंच."

"त्या दिशी मोट्यानं सांगितलंस, भोंग्यावरनं. समद्या गावाला. आन् आता कानात सांगतीस. मोट्यानं सांगत्यात त्येच खरं असतंय."

मी गल्लोगल्ली फिरले. पोरांना थांबवून सांगितलं, शाळेच्या दारात उभी राहून सांगितलं. सगळ्यांचं ठकीसारखंच. त्यांच्यासाठी मी घराघरात कुजबुजणारी दुसरी छबूबाई झाले होते. "गंप्या जागा झाला का गं?" म्हणून मोठी पोरं चिडवायची. आया म्हणायच्या, "कशाला भिववतेस लेकरांना? आधीची गोष्ट बरी होती." आणि पुढच्या रविवारी ओढ्यात परत चार पोरं होती. छबूबाईने त्यांना काठी घेऊन हाकललं.

मग माझ्या लक्षात आलं, भोंग्यावरून बिघडवलेलं भोंग्यावरूनच निस्तरायला हवं. गाडी पुढच्या शनिवारी आकुर्डीला होती, तोच सिनेमा, आणि आमच्या गावची पोरंही कारखान्याच्या ट्रकमधून जाणार होती. मी हेडमास्तरांकडे गेले.

"अगं, तुलाच बोलावलंय त्यांनी," ते खुशीत म्हणाले. "उद्धवरावांनी स्वतः नाव सांगितलं. तेच सांगायचं, मागच्यासारखं."

गप्प राहता आलं असतं. हो म्हणून माइक हातात घ्यायचा आणि मग हवं ते बोलायचं. आता रोज वाटतं, गप्प राहायला हवं होतं. पण तोंड मिटायचं मी विसरले होते. म्हटलं, "नाही सर. ह्या वेळी मी खरं सांगणार आहे."

हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसला. "बरं," म्हणाले. "मग तू विश्रांती घे. परीक्षा जवळ आलीय."

आकुर्डीला मी ट्रकच्या मागच्या फळीवर बसून गेले. पडद्याशेजारी माझ्या वर्गातली सुमन माइक धरून उभी होती, दोन वेण्या, नव्या रिबिनी. माझं एकूण एक वाक्य तिला पाठ होतं. "गंप्या, सरळ हो!" थांबायची ती माझ्याच जागी थांबत होती. काळं पाणी आलं. "आली, आली, रंगपंचमी आली!"

मी उठून उभी राहिले आणि ओरडले, "मेलेत ते! ओढ्यात जाऊ नका! मासे मेलेत!"

भोंग्यापुढे माझा आवाज चार माणसांपलीकडे गेला नाही. मागून एका बाईने माझा फ्रॉक ओढला. "खाली बस गं, पोरांना दिसत नाही."

मी उभीच राहिले. परत ओरडले. कुणीतरी "ए भवाने!" म्हणून खडा मारला. पडदा काळा व्हायला लागला तेव्हा सुमनने आवाज खाली आणला आणि माझं वाक्य संपल्यावर स्वतःची एक अंगाईही म्हटली. ती मला सुचली नव्हती. फार गोड होती.

टाळ्या पडल्या. सगळ्यांत आधी आमच्या गावच्या पोरांनी वाजवल्या.