डबक्यात फेकलेली कुदळ

मित्रांनो, मी एक जुनी कुदळ आहे आणि माझा राग अजून गेलेला नाही.

कॉर्नवॉलच्या एका लोहाराने मला घडवले. जागो नावाचा खाणकामगार मला घेऊन समुद्रापार बेंडिगोला आला. तिथे सोन्यापायी सारे वेडे झाले होते. जागो घाव घाली, मी दगड फोडी. माझ्या दांड्यावर त्याच्या बोटांचे खळगे पडले. रोज संध्याकाळी तो मला धुऊन, तेल लावून ठेवी. मला त्याचा फार अभिमान होता.

खाणीवरचा नियम साधा होता. खड्डा सोडून जाताना आत आपले अवजार ठेवायचे. ते असेपर्यंत खड्ड्याला कोणी हात लावत नसे. रिकामा खड्डा मात्र जो आधी उतरेल त्याचा.

जागोचा जीव टॅमसिनवर जडला होता. ती बापाच्या तंबूत खाणवाल्यांसाठी पाव भाजत असे. बाप पास्को जुना खाणवाला. "पोरीला मागणी घालायची तर कुदळ घेऊन ये. दांडा पाहिला की मला माणूस कळतो," असे त्याने बजावले होते.

आमच्या खड्ड्यात सोन्याची रेघ नुकतीच दिसू लागली होती. आता संसार थाटता येईल म्हणून जागो हरखला आणि मला उचलून निघाला. फावडे दुरुस्तीला गेलेले. खड्ड्यात अवजार म्हणून मी एकटीच होते. मला वाचा असती तर मी त्याला तिथेच अडवले असते.

पास्कोने दांड्यावरून बोटे फिरवली. "हात कामाचे आहेत तुझे. पण ही इथं आहे, मग खड्ड्यात काय ठेवून आलास?"

जागोने मला त्याच्या हातातून ओढून घेतले. आम्ही धावत पोचलो तर शेजारचा वीडन आमच्या खड्ड्यात उतरून बसला होता. "रिकामा होता, गड्या. नियम तुलाही ठाऊक आहे," तो म्हणाला.

जागोने काय करावे? "या अवदसेनं घात केला माझा," म्हणत त्याने मला चिखलाच्या डबक्यात भिरकावले. मला! मी का स्वतःच्या पायांनी चालत गेले होते?

मागून धावत आलेली टॅमसिन डबक्यात उतरली. तिने मला बाहेर काढले.

"खड्डा गेला तर गेला. दुसरा खणला असता आपण, बादल्या मी ओढल्या असत्या. पण चूक तुझी आणि फेकलीस हिला. उद्या घरात काही बिघडलं की माझी पाळी."

"अगं, लोखंड आहे ते."

"मग लोखंडाची माफी मागायला लाज कसली? माग."

जमलेले लोक फिदीफिदी हसले. जागोने टॅमसिनकडे पाहिलेच नाही, त्या हसणाऱ्यांकडे पाहिले आणि तरातरा निघून गेला. पुढे एकदा तो तंबूच्या दाराशी आला. टॅमसिनने मला आणून त्याच्यापुढे ठेवले आणि वाट पाहिली. तो माफी न मागताच परतला. तिने माझ्याकडून बटाट्याचे वाफे खणून घेतले, पण त्याचे नाव पुन्हा काढले नाही.

मित्रांनो, अवजारे धुऊन पुसून ठेवा, हे मी कशाला सांगू? ते तर जागोही करत होता. कोणाला जपायचेच असेल, तर ज्या दिवशी तुमच्या हातून चूक होईल, त्या दिवशी जपा.