स्वर कुठे संपतो

आई गेल्यानंतर तिच्या विद्यार्थिनीचा फोन आला. आई तिला घाईबाई म्हणायची. "ताई, मॅडमचा शेवटचा शोधनिबंध अडलाय. येता का?"

आईने आयुष्यभर बोलण्यातल्या स्वरांची लांबी मोजली. इंग्रजी बोलणारा ‘कॅब’ म्हणतो तेव्हा पुढच्या ‘ब’मुळे आधीचा स्वर लांबतो, ‘कॅप’ म्हणतो तेव्हा आखडतो. कोरियनमध्येही मऊ ‘ब’आधी स्वर पाय पसरतो आणि कठीण ‘प्प’आधी अंग चोरतो. फक्त तिथला फरक बराच कमी, असं आईचं म्हणणं. "लोक शब्दांचा कीस काढतात, मी स्वरांचा," ती हसून सांगायची.

प्रयोगशाळेत घाईबाईने खुर्ची पुढे सरकवली. तिने संगणकाकडून तेच कोरियन स्वर पुन्हा मोजून घेतले होते. फरक थेट इंग्रजीएवढा आला होता.

"फरक मोठा असला तर छापतीलही मोठ्या नियतकालिकात. आणि मॅडमची तब्येत शेवटी शेवटी..." ती थांबली.

म्हणजे दुखण्यात केलेलं आईचं सगळं काम पुसायचं.

"आई कशी मोजायची?"

"संगणकाचा पडदा बंद करून, नुसत्या कानाने. स्वर संपला वाटलं की पुढचं शेपूट तेवढं कापून ऐकायच्या. त्यात स्वर नसेल तर कापलं ते बरोबर."

"मग ऐकव."

"सगळी शेपटं? जन्म जाईल, ताई!"

"एक तर ऐकव."

संगणकाने स्वरात धरलेला आणि आईने वगळलेला तुकडा तिने वाजवला. त्यात ‘आ’ नव्हता. मिटल्या तोंडात घुमावा तसा हुंकार होता.

"अगंबाई, ओठ मिटलेत! हा ‘ब’ आहे," घाईबाई म्हणाली. "गळा घुमत राहिला म्हणून यंत्राला वाटलं, स्वर चालूच आहे."

दुसरा तुकडा तसाच. मग तिने अगदी शेवटच्या आठवड्यांतले काढले. तेव्हा आईला पाण्याचा पेलाही धरवत नव्हता. माझा जीव टांगणीला लागला. पण काप तिथेच होता, जिथे ओठ मिटत होते. एकही सुटलेला नाही.

"म्हणजे फरक लहानच," ती म्हणाली.

"लहानच. नाहीतर नाकापेक्षा मोती जड."

"मोठी नियतकालिकं विचारणार नाहीत मग."

"नाही विचारणार."

तिने यंत्राची मापं काढून टाकली आणि निबंध आईच्या मापांनिशी पाठवला. त्यानंतरही मी तिला आईने कापलेले बरेच तुकडे ऐकवायला लावले. तपासायचं काही उरलं नव्हतं. तिनेही ‘कशाला’ म्हणून विचारलं नाही, पुढचा तुकडा लावला.