उज्माचा बिल्ला

"सोड!" उज्मा ओरडली आणि तिनं ट्रककडे पाठ केली.

ट्रकवरचा देवमन मात्र साठ किलोचं सरकीचं पोतं ट्रकच्या काठावर टेकवून तसाच थांबला. बाईच्या पाठीवर पोतं सोडायचं म्हणजे काय गंमत आहे का? त्यानं मुकादमाकडे पाहिलं.

"सोड ना बे," नत्थुजी मुकादम म्हणाले. "हौस फिटू दे तिची."

अकोल्याच्या त्या बाजारात हमालाचा बिल्ला बापाकडून लेकाकडे जायचा. बायांनी सांडलेलं धान्य झाडायचं, बस्स. पण उज्माचा बाप इनायतुल्ला कंबर जाऊन बाजेवर पडला होता आणि भाऊ सरफराज केव्हाच सुरतेला पळालेला. कापसानं सलग दगा दिलेली ती वर्षं. खेड्यांतले धडधाकट गडी पहाटेपासून बाजाराच्या फाटकाशी बसून असायचे. बिल्ला एकदा दुसऱ्याच्या छातीवर गेला की परत मिळायचं नाव नको. म्हणून ओढणी कमरेला आवळून उज्मा आली होती. "बाप पेलायचा तसे दहा पोते पेल, बिल्ला तुहा," असं नत्थुजी चार माणसांत बोलून बसले होते.

पोतं आलं. उज्मा गुडघ्यांत वाकली. खाली गेली, आणखी खाली.

"बसली रे बसली!" सगळी टोळी हसली.

तिच्या जिभेवर सणसणीत शिवी आली. पण दोन महिने अब्बानं तिच्याकडून एकच धडा घोकून घेतला होता. तिला बाजेची सुतळी आवळायला लावायचा आणि म्हणायचा, "देख. ढीली रही तो आदमी जमीन पे. तनी रही तो बैठनेवाले को वापस उछालती. टांगां वैसेच रख. अकडना नै, ढीला छोडना नै. कस के पकड, और पकडे-पकडे नीचे जाने दे. वजन खुद तेरेकू उठाएगा. बस, नीचे रुकना नै. रुकी तो सब गया."

शिवी द्यायची तर थांबावं लागलं असतं. तिनं शिवी गिळली. मांड्या ताणत गेल्या, आतून पेटल्या, पण सैल पडल्या नाहीत. पोत्याचा सगळा धक्का त्यांनी पिऊन घेतला. आणि त्याच दमात, खालून कुणी ढकलावं तशी ती वर आली.

हसणाऱ्यांचं हसू तोंडातच राहिलं. उज्मा वीस पावलं चालली, थप्पीवर पोतं टाकलं आणि परत येऊन उभी राहिली.

"दुसरं."

दहावं पोतं आलं तेव्हा देवमन स्वतःच विचारत होता, "सोडू का, ताई?"

"बापाचीच लेक हायेस," नत्थुजी म्हणाले. त्यांनी खिशातून पितळी बिल्ला काढला. "घे. हरलो मी."

उज्मानं घाम पुसला आणि वाचलं. बिल्ल्यावर लेकाच्या वाट्याचं, केव्हाचं कोरून ठेवलेलं नाव होतं: सरफराज इनायतुल्ला.

"तो तं सुरतेले हाये, काका."

"असू दे ना. काम तू कर, नाव भावाचं राहू दे. बिल्ल्यावर बाईचं नाव काहून? बाजार हसन आपल्याले."

 तिची मान खाली गेली. नत्थुजींना वाटलं, चला, मानली एकदाची. टोळीतले दोघं-तिघं उठून कामाला लागायच्या बेतात होते.

मग तिनं मान वर केली आणि बिल्ला नत्थुजींच्या तळहातावर परत ठेवला.

"हे दहा पोते सरफराजनं उचलले का? माह्या नावाचा आना. दोनच अक्षरं हायेत, पितळ झिजनार नाही. तोवर बिनबिल्ल्याची उचलते."

"अन् नाही आनला तं?"

"तं मी रोज येईन. बिनबिल्ल्याची बाई तुमच्या टोळीत पोते उचलून राहिली, हे पाहाले लोकं येतीन. मंग हसू द्या बाजाराले."

ती वळली. "सोड, देवमन!"

ती पुन्हा खाली गेली, खोल. या वेळी कुणी हसलं नाही.

ती थप्पीकडे चालू लागली तेव्हा नत्थुजी बिल्ला उलटा करून पाहत होते. मागची बाजू कोरी होती.

"देवमन," त्यांनी हळूच विचारलं, "ते नाव कोरनारं दुकान उघडं असन का रे आता?"