भट्टी निघाली बाजाराला

वजनकाट्यावरचा आकडा स्थिरावला तेव्हा पाववालीने आनंदाच्या भरात नवऱ्याच्या पाठीत असा धपाटा घातला, की बिचारा गवंडी खोकायलाच लागला. भट्टीसकट ट्रेलरचं वजन सातशे किलोच्या आत होतं. तिच्या लायसन्सवर साडेसातशेपर्यंतचा ट्रेलर चालतो, एवढं तिने पाठ करून ठेवलं होतं.

त्या आकड्यासाठी दोघांनी जिवाचं रान केलं होतं. आजवर पाववाली दुसऱ्यांच्या भट्टीवर, त्यांचं काम उरकल्यावर, उरल्यासुरल्या आचेवर आपले पाव भाजत आली होती. आता नवऱ्याने तिला चाकांवरची भट्टी बांधून दिली होती, आणि नव्या बाजारात तिला जागाही मिळाली होती. फक्त सकाळी दहाला गाड्यांसाठी फाटक बंद व्हायच्या आत भट्टी जागेवर लागली पाहिजे, नाहीतर जागा दुसऱ्याची. आणि भट्टी जागेवर लावणार ती स्वतः. हे तिने गल्लीत इतक्या जणांना सांगितलं होतं, की माघार घ्यायची सोयच उरली नव्हती.

सासूबाईंना मागच्या सीटवर बसवलं होतं, मांडीवर आंबवलेल्या पिठाचा डबा देऊन. त्या होड्यांच्या क्लबात नोकरीला होत्या, तेव्हा ट्रेलरवरून होड्या तळ्यापर्यंत न्यायचं काम त्यांचंच. सकाळी त्यांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं होतं, पण पाववालीने तेवढ्यात डबा हातात ठेवला. डबा सांभाळता सांभाळता त्यांचं तोंडही बंद राहील असा तिचा हिशेब होता. तो साफ चुकला. भट्टी बांधली त्या विटांच्या आवारातच काटा होता, तिथवरची वाट ती केवढीशी, पण तेवढ्यात "आरसा बघ", "वळण मोठं घे", "तो खांब आपला नाही" असं चालूच होतं. पाववालीने दातओठ खात ऐकून घेतलं.

काटेवाला वजनाची चिठ्ठी घेऊन बाहेर आला आणि सहज ट्रेलरच्या पुढच्या बाजूला वाकला. तिथे पत्र्याची एक पट्टी ठोकलेली होती. ती अंगठ्याने पुसून त्याने वाचली, आणि पाववालीचं लायसन्स मागितलं. त्याचं म्हणणं सरळ होतं. गाडीला किती ओझं झेपेल हे बघताना काट्यावरचं वजन धरतात. लायसन्सला मात्र पट्टीवरचं वजन लागतं, म्हणजे ट्रेलर जास्तीत जास्त किती वजनासाठी बनवलाय ते. पट्टी म्हणत होती तेराशे.

"म्हणजे आत कापूस भरला तरी?" पाववालीने विचारलं.

"रिकामा नेलात तरी. आवारात हवा तेवढा फिरवा. फाटकाबाहेर रस्ता लागतो, तिथे तुम्हाला नाही चालवता येणार."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. ट्रेलर घेताना दुकानात साडेसातशेचा समोर उभा होता. पण हा पडला गवंडी. एका विटेची भिंत पुरते तिथे दीड विटेची बांधायची याची खोड. मजबूत असलेला बरा, म्हणत तेराशेचा घेऊन आला, आणि तिनेही त्याचं तोंडभर कौतुक केलं होतं. त्याचंही लायसन्स तिच्यासारखंच. नऊ वाजून गेले होते. पाववालीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

मागून खाकरल्याचा आवाज झाला. सासूबाईंनी पर्समधून लायसन्स काढलं आणि खिडकीतून काटेवाल्यापुढे धरलं. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं. मुदत शिल्लक होती, आणि होड्यांच्या दिवसांपासूनचा जड ट्रेलरचा परवाना त्यात तसाच होता. यांना चालेल, तो म्हणाला.

"अहो आई, मग सकाळीच का नाही बोललात?"

"बोलणारच होते. तू डबा दिलास हातात."

मग काय, डबा पाववालीच्या मांडीवर आणि सासूबाई पुढे. चालवत होत्या मात्र अशा, की डब्यातलं पीठसुद्धा हललं नाही. चढावर गिअर बदलताना त्या चक्क गुणगुणत होत्या. पाववालीची नजर घड्याळावरून रस्त्यावर आणि रस्त्यावरून घड्याळावर. एका सिग्नलला तर तिने श्वासच धरून ठेवला. भीती होती, पण आता तिला गंमतही वाटू लागली होती.

दहाला पाच कमी असताना गाडी बाजाराच्या फाटकातून आत शिरली. गिऱ्हाइकांना अजून आत सोडलं नव्हतं. मोकळ्या फरशीवर खडूने आखलेली तिची जागा समोर दिसत होती. सासूबाईंनी गाडी थांबवली, किल्ली तशीच ठेवली आणि खाली उतरल्या.

"रस्ता संपला," त्या म्हणाल्या. "हे आवार आहे. ये पुढे, लाव तुझी भट्टी."

डबा सासूबाईंच्या हातात देऊन पाववाली स्टिअरिंगवर बसली. तिने रिव्हर्स गिअर टाकला. ट्रेलर भलतीकडेच वळला. तिने थांबून पुन्हा सरळ केला. मागे सासूबाई डबा कवटाळून उभ्या होत्या, ओठ घट्ट मिटून, एक शब्द न बोलता. आज लुडबूड करायची नाही, असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं.

पाववालीने खिडकीतून मान बाहेर काढली.

"आई, गप्प नका ना बसू. बोला."

"स्टिअरिंग उलट्या बाजूला फिरव," सासूबाई लगेच म्हणाल्या. "अगं, अजून थोडं. आरसा बघ."