महादूचा कोट

भिवंडीतल्या श्रीनाथच्या फोटो स्टुडिओत खुंटीला एक काळा कोट टांगलेला असे. बावीस वर्षं लोकांनी तो फोटोपुरता अंगात घातला. यंत्रमागावरची शिफ्ट संपवून आलेला लूमवाला त्यात घटकाभर साहेब व्हायचा आणि तो फोटो गावाला धाडायचा. आता एक्याण्णव साल उजाडलं होतं. जिवंत माणसांना रंगीत रोल मिळू लागले होते आणि श्रीनाथच्या वाट्याला मेलेले उरले होते. त्यांचे काळेपांढरे फोटो मोठे करायचे आणि वर तैलरंगाने तोच कोट चढवायचा. तालुक्यातल्या निम्म्या भिंतींवर त्या कोटाचीच तीन बटणं होती. या सगळ्याचा श्रीनाथला मनापासून वीट आला होता.

दापोड्याचे केसरीनाथ गोदामांना जमीन देऊन नुकतेच शेठ झाले होते. त्यांनी वडिलांचा, महादूचा, जुन्या कागदांत नुकताच सापडलेला एकुलता एक फोटो आणून दिला. उघडाबंब म्हातारा, कमरेला लंगोटी, शेजारी टेकवलेली कावड.

"सोमवारी वर्षश्राद्ध हाय. फोटो हॉलमध्ये लावायचाय. कोट चढवा, टाय पन. मोठी मोठी लोकं येनार."

श्रीनाथने चढवला. नाही म्हणण्याइतकीही उमेद त्याच्यात नव्हती.

शनिवारी केसरीनाथांची आई, आक्का, एकटीच रिक्षाने येऊन थडकली. तिला सोमवारपर्यंत दम धरवेना.

"भाऊ, वरीस झाला, त्याचा तोंड बघला न्हाय. दाखवा."

श्रीनाथने फोटो पुढे केला. आक्काने एकदाच पाहिलं आणि चटकन पदर डोक्यावरून पुढे ओढला, परक्या पुरुषासमोर ओढतात तसा.

"ह्यो कोन पाव्हना?"

"आक्का, महादूच आहेत ते."

"न्हाय." तिचे डोळे भरून आले. "माजा मानूस न्हाय ह्यो."

श्रीनाथने इतकी माणसं सजवली, पण नवऱ्यासमोर पदर ओढणारी बाई त्याने पहिल्यांदाच पाहिली. रंग अजून ओला होता. त्याने कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि पुसायला घेतलं. टाय गेला, बटणं गेली. खालून उघडा खांदा निघाला, त्यावर कावडीने पडलेला घट्टा.

आक्काचा पदर मागे सरला. तिने घट्ट्यावर बोट ठेवलं. "हितं तेल चोलायची मी," ती म्हणाली आणि हमसून हमसून रडली.

कितीतरी दिवसांनी श्रीनाथला आपल्या कामाचं बरं वाटलं. "असाच देतो, आक्का. केसरीनाथांशी मी बोलेन."

आक्काने डोळे पुसले. "नको. कोट घाला पुन्ना. लोकं येतील, माज्या पोराची इज्जत हाय."

"आणि तुम्ही?"

"आत त्योच हाय, मी बघला ना आता."

ती उठली. दारापर्यंत गेली आणि वळली.

"पन खांद्यावर जपून घाला, भाऊ. तिथं दुखायचा त्याला."

श्रीनाथने होय म्हटलं आणि सगळ्यात बारीक ब्रश घेतला.