बिनपट्टीचा पंप

मुकादम तिला पहिल्या दिवसापासूनच पाण्यात पाहत होता. कारण म्हणाल तर हातमोजे. इस्पितळाच्या आवारात बागकामाची उमेदवारी करायला ती आली ती नवेकोरे, मनगटापर्यंत येणारे हातमोजे घालून. मुकादम अवजारांच्या खोलीच्या दारात उभा होता. त्याने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"ऑपरेशन थिएटर समोरच्या इमारतीत," तो म्हणाला. "इथे माती असते."

तेव्हापासून तिचं नावच पडलं हातमोजे. "ए हातमोजे, पाइप ओढ इकडे." "हातमोजे, हा पाला कोण उचलणार, तुझा सासरा?" तिला सासरा नव्हता, नवराही नव्हता. होती ती थोरली बहीण, आणि तिच्या नवऱ्याचं विजेच्या सामानाचं दुकान. त्या दुकानाच्या काउंटरमागे बल्ब तपासून देण्यात तिची तिशी उलटली होती. रोज संध्याकाळी जेवताना भावोजी कुणालाही न बघता म्हणायचे, "आपल्या घरात कुणी बसून खात नाही." त्या एका वाक्यापासून सुटायला म्हणून तिने बागेतली उमेदवारी धरली होती. वर्ष संपलं की जागा एकच निघणार होती. ती कुणाला द्यायची हे अधीक्षकबाई ठरवणार होत्या, म्हणजे मुकादम सांगेल तसं.

उमेदवार मात्र दोन होते, आणि दुसरा मुकादमाचा जावई होता.

मुकादमाच्या तोंडात साऱ्या जगासाठी शिव्या असायच्या. गवत कापायच्या यंत्रालाही तो बापावरून बोले. पण जावयाशी बोलताना त्याची जीभ एकदम इस्त्री केल्यासारखी व्हायची. "जावईबापू, जरा ते फावडं आणता का?" जावईबापू आणत, निम्म्या वाटेत फोन बघत थांबून. आणलेलं फावडं नसे, कुदळ असे. मुकादम "असू द्या, असू द्या" म्हणत ती घेई आणि वळून हिच्यावर खेकसे, "तू काय दात काढतेस?" आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण तिने लहानपणी पाठ केली होती, अर्थ आता रोज बघायला मिळत होता.

जावई तसा वाईट नव्हता. तो कुणाचं वाईट चिंतायचा नाही. वाईट चिंतायलाही कष्ट पडतात.

अवजारांच्या खोलीत पाठीवर घ्यायचे फवारणीचे दोन पंप होते, जुळ्या भावांसारखे. एकाच्या टाकीभोवती लाल पट्टी होती, तो तणनाशकाचा. दुसरा बिनपट्टीचा, पाण्यात कालवलेलं खत पानांवर मारण्यासाठी. एकाचं काम दुसऱ्याने करायचं नाही, हा तिथला पहिला नियम. हिरवळीवर मारायचं ते तणनाशक गवताला काही करत नसे. रुंद पानाच्या झाडाला मात्र ते सोडत नसे, पण थेट मारतही नसे; त्याला वेडंवाकडं वाढायला लावे. कोवळी पानं चमच्यासारखी वळत, देठ पिळवटत, आणि झाड स्वतःच्याच वाढीत गुदमरे. त्यासाठी थेंबभरही पुरे.

एका सोमवारी मुकादमाने तिला मोठ्या दारासमोरच्या गुलाबांवर खत मारायला सांगितलं. तिने बिनपट्टीचा पंप घेतला, माप बघून खत कालवलं, सगळा वाफा फवारला. पुढच्या आठवड्यात गुलाबांची नवी पालवी वळली. शेंडे पिळलेल्या फडक्यासारखे झाले.

"जाळलंस!" मुकादम वाफ्यापाशी उभा राहून ओरडला. चाकाच्या खुर्च्यांवरून बाहेर आणलेले रुग्णही वळून बघू लागले. "ओंजळीने खत ओतलंस ना? लवकर फुलं यायला हवी होती बाईसाहेबांना!"

"खताने जळलं असतं तर पानांच्या कडा तपकिरी झाल्या असत्या," ती म्हणाली. "ही पानं वळलीत. हे तणनाशक आहे, मुकादम. मी खत मारायच्या आदल्या शुक्रवारी हिरवळीवर कुणी फवारलं होतं?"

शुक्रवारी जावयाने फवारलं होतं, हे तिघांनाही माहीत होतं. मुकादमाने जावयाकडे पाहिलं.

"जावईबापू, पंप कुठला घेतला होतात?"

"लाल पट्टीचाच की," जावई म्हणाला. त्याला आठवत नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

"ऐकलंस?" मुकादम हिच्याकडे वळला. "आता मला झाडांची दुखणी तू शिकव. अजून खुरपं धरता येत नाही, निघाली पानं वाचायला!"

अधीक्षकबाईंनी गुलाब पाहिले, मुकादमाचं ऐकलं, आणि हिला सांगितलं, "आणखी एक चूक झाली की तुमची उमेदवारी संपली असं समजा." पंपाला हात लावायची तिला बंदी झाली. पालवी खुडून टाकण्याचं कामही तिलाच मिळालं. ते तिने हातमोजे न घालता केलं. तोवर काट्यांची सवय झाली होती.

घरी भावोजींना बातमी कळायला वेळ लागला नाही.

"काउंटर रिकामाच आहे म्हटलं," ते भाजी वाढून घेत म्हणाले. "बल्ब जळला तर निदान गॅरंटी असते."

"अहो, पुरे," ताई म्हणाली. मग बहिणीकडे वळून, "पण तूही गं, मुकादमाशी कशाला तोंड लावतेस? खाली मान घालून वर्ष काढ ना."

"खाली मान घालूनच असते, ताई. बागेत दुसरं काय करतात?"

त्या रात्री तिने स्वयंपाकघरातून मूठभर घेवड्याचं बी घेतलं आणि भिजत घातलं. घेवड्याला तणनाशकाचा वासही सोसत नाही. बी रुजलं की तो आठवड्याभरात साक्ष देतो. अवजारांच्या खोलीच्या मागच्या खिडकीत, फुटक्या कुंड्यांच्या आडोशाला, तिने कागदी पेल्यांत ते पेरलं. रोपांना पानांची जोडी आल्यावर तिने कुणी आसपास नसताना बिनपट्टीच्या पंपात साधं पाणी भरलं, हलवलं आणि निम्म्या पेल्यांवर फवारलं. उरलेल्या निम्म्यांवर नळाचं पाणी. एका पेल्यातलं बी आळशी निघालं. ते सगळ्यांमागून उगवलं, म्हणून तिने त्याला तसंच सोडलं.

तिच्या मनात होतं ते एवढंच, की पेले अधीक्षकबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवायचे आणि काही बोलायचं नाही.

चार-पाच दिवसांनी सकाळी तिने खिडकीत डोकावून पाहिलं. नळाच्या पाण्याचा घेवडा ताठ होता, पानं तळहातासारखी सपाट. पंपाच्या पाण्याचा घेवडा माना टाकून उभा होता. नवी पानं द्रोणासारखी वळलेली. गुलाबांची हुबेहूब नक्कल. अधीक्षकबाई दहाला येत. तोवर ती कुंपणाची झुडपं छाटायला गेली.

तेवढ्यात जावई अवजारांच्या खोलीतून बाहेर आला. पाठीवर पंप होता.

"डेलियांना खत मारायला सांगितलंय," तो जाता जाता म्हणाला. "तुम्हाला बाकी बरं आहे. बंदी म्हणजे सुट्टीच!"

डेलिया म्हणजे मुकादमाचा जीव. दर वर्षी कंद तो स्वतः काढायचा, वाळूत ठेवायचा, स्वतः लावायचा. एकदा तिने त्याला एका कंदाच्या डोळ्यावरची माती करंगळीने दूर करताना पाहिलं होतं. मूल झोपेतून उठू नये तशी. तिच्याकडे लक्ष जाताच तो खेकसला होता, "बघतेस काय? तमाशा आहे का?"

जावई दोन पावलं जाऊन थांबला. पट्टा सावरत त्याने विचारलं, "अहो, खताचा तो बिनपट्टीचाच ना?"

तिच्या हातातली कात्री उघडीच राहिली. पेले पन्नास पावलांवर होते. चाकाच्या खुर्च्यांवरून वळून बघणारे रुग्ण तिला आठवले, भावोजींची गॅरंटी आठवली. पेले बघून अधीक्षकबाई मान हलवतील, आणि मुकादम म्हणेल, पोरीने स्वतःच काहीतरी ओतलं असेल पेल्यांत. पण डेलिया वळल्या तर? तेव्हा पंप तिच्या पाठीवर नव्हता, हे सगळं आवार सांगेल.

"हो," ती म्हणाली. "बिनपट्टीचाच."

उत्तर खरं होतं. त्याहून खोटं ती जन्मात काही बोलली नव्हती.

जावई शीळ घालत डेलियांकडे गेला. ती कुंपणाच्या आडून बघत राहिली. एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर फवारा सरकत होता, उन्हात छान चमकत होता. ओरडायला शेवटच्या ओळीपर्यंत वेळ होता. ती ओरडली नाही. दहा वाजता पेले घेऊन अधीक्षकबाईंकडेही गेली नाही. आता आणखी भारी पुरावा तयार होत होता.

डेलिया गुलाबांपेक्षा लवकर वळल्या. पोकळ देठ आधी जमिनीकडे वाकले, मग शेंड्यांनी गाठी मारल्या. मुकादम वाफ्याच्या कडेला उकिडवा बसला, एक शेंडा बोटांत धरून. मग उठला आणि जावयाकडे गेला.

"अरे गाढवा," तो म्हणाला.

जावयाने मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाला म्हणताहेत का ते.

"तुलाच! पंप कुठला घेतला होतास हिरवळीला? शपथ घालू का माझ्या लेकीची?"

"मामा, म्हणजे... तेव्हा लाल पट्टीवाला जरा मागे होता, काढायला अवघड..."

"चालता हो. अवजारं ठेव आणि चालता हो. लेकीला काय सांगायचं ते मी सांगतो."

ती कुंपणापाशी उभी राहून हे ऐकत होती. इतके महिने ज्याची वाट पाहिली ते ऐकायला तिला गोड लागायला हवं होतं. लागलंही, क्षणभर. मग मुकादम पंप तपासायला अवजारांच्या खोलीत शिरला, आणि तिला आठवलं की पेले अजून मागच्या खिडकीतच आहेत.

ती पोचली तेव्हा तो खिडकीपाशी उभा होता. एका हातात ताठ घेवड्याचा पेला, दुसऱ्यात पिळवटलेल्याचा. शिकवायची गरज नव्हती. त्याने दोन्ही एका नजरेत वाचले होते.

"हे तुझं," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणूनच तिला भीती वाटली.

"हो."

"बिनपट्टीच्या पंपाचं पाणी."

"हो. गुलाब मी जाळले नव्हते, मुकादम. तुम्ही ऐकून घेतलं असतंत तर..."

"ते कळलं. त्यात माझी चूक. झालं तुझं समाधान?" त्याने पिळवटलेला पेला तिच्या नाकासमोर धरला. "आता हे बघ. हे पहिलं पान वळून वाळलंय. त्यावरचं दुसरंही वळलंय. हे कालपरवाचं नाही. डेलियांवर फवारलं त्याच्या आधीच हे वळायला लागलं होतं."

त्याने दोन्ही पेले खिडकीत परत ठेवले.

"तू त्या दिवशी कुठे होतीस?"

"कुंपणापाशी."

"म्हणजे दिसत होतं."

"दिसत होतं."

"जावई गाढव आहे," मुकादम म्हणाला. "गाढवाला कळत नाही, म्हणून त्याला हाकलता येतं. तुला कळत होतं. घेवडा पेरलास आणि मूग गिळून बसलीस. माझ्यावर राग होता ना? मग माझ्या टाळक्यात फावडं घालायचंस. डेलियांनी तुझं काय घोडं मारलं होतं?"

 

"तुम्ही मला काढणार," ती म्हणाली.

"गुलाबांचं खरं काय ते बाईंना सांगतो. तो तुझा हक्क. बाकीचं अजून माझ्या तोंडात आहे." त्याने खुंटीवरचा बिनपट्टीचा पंप काढून तिच्या पायाशी आदळला. "धू."

तिने हातमोजे शोधले नाहीत. टाकी विसळली, पुन्हा विसळली.

"एवढंच?"

तिने नळी सोडवली, नोझल उघडलं, आतली बारीक जाळी काढली, रबराचे वायसर काढले. विष लपतं ते तिथेच. धुण्याचा सोडा पाण्यात कालवून सगळं त्यात बुडवलं, टाकी काठोकाठ भरली आणि रात्रभर ठेवली. सकाळी पुन्हा विसळली, नळीतून पाणी वाहू दिलं, जाळी उजेडात धरून पाहिली. मुकादम दारात उभा राहून मिनिटामिनिटाला "आणखी" एवढंच म्हणत होता.

शेवटी त्याने पंपात साधं पाणी भरायला लावलं आणि मागच्या खिडकीतून तो मागाहून उगवलेल्या घेवड्याचा पेला आणला. त्याच्या पानांची जोडी नुकती उघडली होती, मधला शेंडा अजून मिटलेला होता.

"मार याच्यावर."

तिने फवारलं. पाणी पानांवरून ओघळलं.

"नवं पान सपाट आलं तर राहा," मुकादम म्हणाला. "वळलं तर त्याच दिवशी जा. मला सांगायलाही येऊ नकोस."

पेला त्याने स्वतःच्या टेबलावर ठेवला. तिला शिक्षा म्हणून डेलियांचा वाफा उपसायला लावला. वळलेल्या फांद्या तोडायच्या, कंद काढायचे, कुठला जगेल ते बघायचं. कंद हातात घेताना तिला कळलं की डोळ्यावरची माती करंगळीनेच काढावी लागते. दुसरं कुठलंही बोट जाड पडतं. मुकादम वरून जाता-येता बघायचा. एकदा म्हणाला, "मोडलास एक." तो मोडलेला नव्हता. तिने पुढचा कंद उचलला. भावोजींनी विचारलं, "काय, काउंटर पुसून ठेवू का?" तेव्हा ती म्हणाली, "थांबा. घेवडा सांगेल." भावोजींनी ताईकडे बघून कपाळाला बोट लावलं.

आठवड्याच्या शेवटी सकाळी ती आली तेव्हा पेला टेबलावरून हलवून दाराच्या उंबऱ्यावर, उजेडात ठेवला होता. मधला शेंडा उलगडला होता. नवं पान आलं होतं, तीन दलांचं, कोवळं, कडेपर्यंत सपाट. ती त्याच्याकडे बघत राहिली. डोळे भरून आले, आणि हात अजून मातीने भरले नव्हते, तरी तिने ते पुसले नाहीत.

"काय उभी राहिलीस?" मागून आवाज आला. मुकादम वाफ्याकडे निघाला होता, खांद्यावर फावडं. तो थांबला नाही, वळलाही नाही. "उभं राहून बघायला तुला येतं, ते पाहिलंय मी. आता वाक."