हिरवे ठिपके

थोरली त्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं बश्यांमधून पेशी वाढवत होती. धाकट्या बहिणीला तिथे चिकटवलं तेही तिनेच, आणि वर्षभरात तिला त्याचा पश्चात्ताप झाला.

पेशीतलं एक एन्झाइम नेमकं कुठे काम करतं, हे प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना हवं होतं. थोरली पेशी फोडून एन्झाइममुळे नळीत येणारा रंग मोजायची. एन्झाइम किती ते कळायचं. पण फुटलेल्या पेशीत कुठे ते कसं कळणार? धाकटीने जिवंत पेशींवरच एक रसायन घातलं. एन्झाइमने ते तोडलं की तिथल्या तिथे हिरवं चमकायचं. सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक पेशीत केंद्रकाला खेटून हिरवे ठिपके!

"मोठीला अकरा वर्षांत सुचलं नाही ते हिला सुचलं बघा," सर सगळ्यांदेखत म्हणाले.

थोरली हसली, पण आतून नुसता जळफळाट. त्यात आईचा फोन. "धाकटीचा फोटो छापून येणार म्हणे?"

"धाकटीचा नाही, तिच्या पेशींचा," म्हणून तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिने गुपचूप एक बशी घेतली. आधी एन्झाइम बंद पाडणारं औषध घातलं, मग धाकटीचं रसायन. एन्झाइम बंद, तर उजेडही बंद व्हायला हवा. पण ठिपके जसेच्या तसे! म्हणजे ते एन्झाइमचे नव्हतेच. तिच्या मनात उकळ्या फुटल्या.

बैठकीत तिने हे थेट सरांपुढे मांडलं. धाकटीचा चेहरा पडला.

"ताई, आधी मला सांगायचंस ना गं."

"इथे ताई-बिई कोणी नसतं," थोरली म्हणाली.

सरांनी या शोधावरचा लेख छापायला पाठवणं थांबवलं. धाकटीने डबाही उघडला नाही. थोरली मात्र कित्येक दिवसांनी पोटभर जेवली.

दुपारी औषधाची बाटली जागेवर ठेवताना तिची नजर चिठ्ठीवर गेली. अक्षर तिचंच, तारीख आठ महिन्यांपूर्वीची. पाण्यात कालवलेलं हे औषध एक दिवसही टिकत नाही, हे नव्या लोकांना तीच शिकवायची. बाटली मोरीत ओतली असती तर कोणाला पत्ताही लागला नसता. ती बाटली घेऊन नळापाशी गेलीही. मग तिने ताजं औषध कालवलं.

या वेळी बशीत मिट्ट काळोख. एकूण एक ठिपका विझला, म्हणजे ते एन्झाइमचेच होते.

ती धाकटीच्या टेबलाशी गेली. "औषध शिळं होतं. चूक माझी. तुझं बरोबर आहे."

धाकटीने मान वर केली. "मुद्दाम केलंस?"

"शिळं मुद्दाम नाही घेतलं. पण बघितलंही नाही. बघायचंच नव्हतं मला."

सरांपुढेही तिने तेच सांगितलं. विझलेली बशी पुरावा म्हणून लेखात गेली, आणि थोरलीचं नाव दुसरं लागलं. पहिलं धाकटीचं. ते वाचताना तिच्या पोटात दुखायचं ते दुखलंच.